फळबाग आणि कोळंबी एकाच जागेवर: पाणी वेगळं, हिशेब वेगळा, वेळापत्रक एक

बागेशेजारी कोळंबीचं तळं काढायचं म्हटलं की जवळजवळ प्रत्येक जण मला एकच गोष्ट उत्साहानं सांगतो: तळ्याचं पाणी खतासारखं असतं, ते बागेला सोडायचं, म्हणजे खताचा खर्च वाचेल. गोड्या पाण्यातल्या माशांच्या बाबतीत हे बरोबर आहे. कोळंबीच्या बाबतीत हा विचार बाग मारतो, म्हणून सगळ्यात आधी त्याचाच हिशेब मांडतो.

2,000 चौरस मीटरचं तळं घ्या, सरासरी खोली 1.2 मीटर. चौरस मीटरला 30 या हिशेबानं 60,000 पिल्लं सोडली आणि पाऊणपट जगली, तर 45,000 कोळंबी. प्रत्येकी 20 ग्रॅमला काढली तर 900 किलो माल. एक किलो माल तयार व्हायला 1.4 किलो खाद्य धरलं, तर खाद्य 1,260 किलो. त्यात 35 टक्के प्रथिनं, म्हणजे साधारण 70 किलो नत्र. त्यातलं 26 किलोच्या आसपास कोळंबीच्या अंगी लागतं. उरलेलं 44 किलो पाण्यात आणि गाळात राहतं, काही हवेत जातं. सगळंच्या सगळं हाती आलं असं धरलं, तरी ते दोन गोणी युरियाइतकं. आता त्याच तळ्यातलं मीठ मोजा. पाणी 24 लाख लिटर, खारटपणा लिटरला 15 ग्रॅम. एकूण मीठ 36 टन. दोन गोणी युरियासाठी 36 टन मीठ बागेत ओतायचं का, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

केळी, आंबा, लिंबूवर्गीय झाडं यांच्या मुळांजवळच्या मातीची ईसी, म्हणजे विद्युतवाहकता, मीटरला 1 ते 2 डेसीसीमेन्सच्या पुढे गेली की उत्पन्न घटायला लागतं. लिटरला एक ग्रॅम मीठ म्हणजे ढोबळमानानं दीड ते दोन डेसीसीमेन्स. त्यामुळे ज्याला आपण 'कमी खारट तळं' म्हणतो, लिटरला दोन-तीन ग्रॅमवालं, त्याचंही पाणी या झाडांना जड जातं. आधी जुन्या पानांची टोकं जळतात, मग कडा, मग झाड वाढायचंच थांबतं. नारळ, खजूर आणि काही प्रमाणात चिकू खारं सहन करतात, पण सहन करणं वेगळं आणि फळणं वेगळं.

म्हणून माझी मांडणी अशी आहे: बाग आणि तळं जोडायचं ते पैशानं, माणसांनी आणि वेळापत्रकानं. पाण्यानं, फवारणीनं आणि अवजारांनी जोडायचं नाही. पुढचं सगळं या एका गोष्टीतूनच येतं.

जागा आखताना

बाग वर, तळी खाली. गोडं पाणी वरून खाली येतं, खारं पाणी वर चढता कामा नये. दोन्हींच्या मध्ये एक पाझर चर काढा आणि त्याचा तळ तळ्याच्या तळापेक्षा खोल ठेवा, म्हणजे बांधातून झिरपलेलं पाणी बागेकडे न जाता चरात उतरेल. चराच्या पलीकडे, बागेच्या बाजूला, भोकं पाडलेले पीव्हीसी पाइप उभे पुरा. माझ्याकडे तीन आहेत, एका ओळीत, तळ्यापासून लांब लांब जाणारे. महिन्यातून एकदा त्यातलं पाणी काढून ईसी मोजायची आणि वहीत लिहायची. आकडा हळूहळू चढताना दिसला, तर झाड बोलायच्या कितीतरी आधी कळतं आणि चर साफ करायला, बांध दाबायला किंवा तळ्याला एचडीपीईचं, म्हणजे जाड प्लॅस्टिकचं, अस्तर लावायला वेळ मिळतो.

तळ्यासाठी चिकणमाती हवी हे सगळ्यांना माहीत असतं. त्याहून महत्त्वाची तपासणी खोलातल्या मातीची. खाडीकाठच्या काही जमिनींत गंधकयुक्त थर असतो. ओला असेपर्यंत तो गप्प असतो. उकरून हवेला उघडा पडला की आम्ल तयार होतं आणि सामू, म्हणजे पीएच, 4 च्याही खाली जातो. उकरलेल्या मातीत फिकट पिवळ्या रेघा दिसल्या तर थांबा. मातीचा नमुना काही आठवडे ओलसर ठेवून सामू पुन्हा मोजा, आणि तो घसरत गेला तर तिथे तळं खोदूच नका. चुना घालून घालून खिसा रिकामा होईल. कांदळवन तोडून तळं करण्याचा विचारही नको. लाट आणि वादळ अडवणारी तीच भिंत आहे, आणि तिच्याखाली बहुधा हीच आम्लाची माती असते.

वाऱ्याचा विचार दोन्ही बाजूंनी करावा लागतो. एरेटरचे, म्हणजे तळ्याच्या पाण्यात हवा मिसळणाऱ्या यंत्राचे, खारे तुषार बागेवर जाऊ नयेत आणि बागेतली फवारणी तळ्यावर येऊ नये. मधल्या पट्ट्यात सुरूची दाट रांग लावली की दोन्ही कामं होतात, कारण सुरू खारा वारा सोसतो. तळ्याच्या बांधावर मात्र फळझाड लावायचं नाही. मुळं बांध पोखरतात, फांद्यांवर पक्षी बसतात आणि पक्षी एका तळ्यातली मेलेली कोळंबी दुसऱ्यात टाकतात.

फवारणी: इथे जराही ढिलाई नको

इक्वाडोरमध्ये 1992 साली ग्वायाकिलच्या आखाताजवळ, तौरा नदीच्या परिसरात कोळंबी मोठ्या प्रमाणावर मरायला लागली. हा देश केळी आणि कोळंबी या दोन्हींचा मोठा निर्यातदार, बागा आणि तळी एकाच खोऱ्यात. संशय सरळ केळीच्या बागांवर गेला: करप्यासाठी, म्हणजे ब्लॅक सिगाटोकासाठी, मारलेली बुरशीनाशकं वाहून तळ्यात आली असणार. पुढे संशोधनातून कळलं की कारण विषाणू होता, आणि त्याला तौरा सिंड्रोम हेच नाव राहिलं. मला या हकिकतीतून दोन गोष्टी घ्याव्याशा वाटतात. एक, तळ्यात मर दिसली की आधी नमुना प्रयोगशाळेत द्या, दोषी नंतर ठरवा. दोन, त्या वेळी लोकांना बागेचा संशय आला तो उगीच नव्हता. बाग आणि तळं एकाच पाणलोटात असेल, तर तो धोका खरा आहे.

कोळंबी आणि कीटक दोघेही संधिपाद, दोघेही कात टाकून वाढणारे. कीटक मारायला बनवलेलं औषध कोळंबीला ओळखून सोडून देत नाही. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिनसारखी औषधं लिटरला मायक्रोग्रॅममध्ये मोजावी इतकी असली तरी कोळंबी मरते. निंबोळी अर्कालासुद्धा निरुपद्रवी समजू नका. त्यातलं अझाडिरॅक्टिन किडीच्या कात टाकण्यावरच घाला घालतं, आणि कोळंबी त्याच प्रकारच्या संप्रेरकांवर कात टाकते.

माझे नियम: फवारणीचा पंप, मोजपात्र, बादली, हातमोजे, सगळं बागेचं वेगळं आणि लाल रंगवलेलं. लाल वस्तू चर ओलांडत नाही. औषध कालवायची आणि पंप धुवायची जागा बागेच्या वरच्या टोकाला, तिचं सांडपाणी कुठल्याही ओढ्याकडे जात नाही. तळ्यात पाणी घ्यायच्या दिवशी आणि त्याच्या आदल्या दिवशी बागेत फवारणी नाही. फवारून आलेला माणूस आंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय खाद्याच्या गोणीला हात लावत नाही. हे ऐकायला कडक वाटेल, पण एका बादलीवर अख्खं पीक जाऊ शकतं आणि ती बादली कुणी आणली हे नंतर कळून काही उपयोग नसतो.

मग किडीचं काय? फवारणी लागूच नये अशा पद्धतीनं बाग चालवायची. फळमाशीसाठी तिच्या नरांना ओढून घेणाऱ्या मिथिल युजेनॉलचे सापळे, पेरू-आंब्याला कागदी पिशव्या, आणि पडकं फळ रोजच्या रोज उचलून खोल पुरणं. हे शेवटचं काम सगळ्यात कंटाळवाणं, पण सगळ्यात जास्त फरक तेच पाडतं. कुजणाऱ्या एका फळातून माश्यांची पुढची पिढी निघते.

कोणती फळं

दहा प्रकारची झाडं लावून बाग 'विविध' होत नाही, विस्कळीत होते. प्रत्येक फळ एका वेळी निदान एक गाडी भरेल इतकं हवं, नाहीतर चांगला व्यापारी तुमच्याकडे वळणारच नाही. तीन फळं पुरेत, आणि ती पैसे कधी देतात त्यावरून निवडावीत. पपई नऊ-दहा महिन्यांत फळ देते, केळी वर्षभराच्या आसपास. पेरू आणि ड्रॅगन फ्रूट दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी हाताशी येतात. आंबा किंवा चिकूची कलमं चौथ्या-पाचव्या वर्षी चालू होतात आणि पुढे पिढीभर टिकतात. प्रत्येक गटातून एक घ्या. पपईवर रिंगस्पॉट विषाणू येतो, म्हणून तिच्यावर दोन वर्षांपेक्षा लांबचं गणित बांधू नका.

केळी घेणार असाल तर मर रोगाची जाणीव ठेवूनच. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगाच्या व्यापारात ग्रोस मिशेल जात होती. पनामा मर रोगानं तिच्या बागा उद्ध्वस्त झाल्या आणि कॅव्हेंडिश आली. आता त्याच बुरशीचा टीआर4 हा प्रकार कॅव्हेंडिशलाही धरतो. तो मातीत कित्येक वर्षं जिवंत राहतो, औषधानं जात नाही आणि बुटाला लागलेल्या चिखलातून येतो. ऊतिसंवर्धित (टिश्यू कल्चर), तपासलेली रोपं घ्या. दुसऱ्याच्या बागेतले कंद कितीही चांगले दिसले तरी आणू नका. आणि फाटकावर पाय धुवायची टाकी ठेवा. तळ्याच्या फाटकावरही तशीच दुसरी टाकी लागणारच आहे, तेव्हा ही सवय माणसांना एकदाच लावावी लागते.

तळं

इथे व्हेनामी कोळंबीबद्दल बोलतो, कारण जगात सगळ्यात जास्त हीच पाळली जाते. ही मूळची मेक्सिकोपासून पेरूपर्यंतच्या प्रशांत किनाऱ्याची. जवळजवळ गोड्या पाण्यापासून समुद्राहून खाऱ्या पाण्यापर्यंत तग धरते, पण लिटरला 10 ते 25 ग्रॅममध्ये तिचं बरं चालतं. तुमच्या भागात ती पाळायला परवाना लागतो का, हे तळं खोदण्याआधी विचारा. बहुतेक ठिकाणी लागतो.

पीक निघाल्यावर तळं पूर्ण वाळवा, तळाला भेगा पडेपर्यंत. काळा गाळ काढा, सामू मोजून चुना द्या. आधीच्या पिकात ईएचपी नावाच्या सूक्ष्म परजीवीचा त्रास झाला असेल तर साधा चुना पुरत नाही. हेक्टरी 6 टन कळीचा चुना 10-12 सेंटिमीटर खोल मिसळून ओला करतात, म्हणजे सामू 12 च्या वर जाऊन बीजाणू मरतात. पाणी थेट तळ्यात घेऊ नका. आधी साठवण तळ्यात, बारीक जाळीतून गाळून, तिथे ब्लीचिंग पावडर टाकून, क्लोरीन पूर्ण उडाल्यावरच पुढे. खेकड्यांना अडवणारं कुंपण सगळीकडून बंद हवं. 1990 च्या दशकात पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगानं आशियातली तळी ओस पाडली, आणि खेकडे त्या विषाणूचे वाहक आहेत. या रोगावर औषध नाही. कवचावर पांढरे ठिपके, काठाला येऊन सुस्त पडलेली कोळंबी आणि अचानक घटलेलं खाणं दिसलं, तर पहिलं काम पाण्याचे सगळे दरवाजे बंद करणं. ते पाणी बाहेर सोडलं की शेजाऱ्याचंही पीक जातं. माल जाळ्यानं काढून पाणी तिथेच निर्जंतुक करा.

पिल्लं घेताना हॅचरीकडे, म्हणजे पिल्लं तयार करणाऱ्या केंद्राकडे, पांढरे ठिपके, ईएचपी आणि लवकर मर, या तिन्ही रोगांचा पीसीआर (जनुकीय तपासणीचा) अहवाल मागा, आणि जमलं तर नमुना स्वतः दुसऱ्या प्रयोगशाळेत द्या. लवकर मर रोगाचं मूळ 2013 साली अॅरिझोना विद्यापीठात डोनाल्ड लाइटनर यांच्या गटानं शोधलं, तो व्हिब्रिओ जिवाणूचा एक प्रकार निघाला. पहिल्या महिन्यातच मर होते. तळात कुजकं खाद्य साचलं की व्हिब्रिओला रान मोकळं मिळतं. प्रतिजैविकांच्या वाटेला जाऊ नका. क्लोरॅम्फेनिकॉल किंवा नायट्रोफ्युरानचा अंश सापडला तर मालाची पूर्ण खेप नाकारली जाते, आणि ते योग्यच आहे. आपण लोकांच्या ताटात जाणारी वस्तू वाढवतो.

रोजची मापं: प्राणवायू लिटरला 4 मिलिग्रॅमच्या वर, सामू 7.5 ते 8.5 आणि सकाळ-दुपारच्या सामूत अर्ध्या अंकापेक्षा जास्त फरक नको. अल्कलिनिटी, म्हणजे सामू स्थिर धरून ठेवायची पाण्याची ताकद, लिटरला 100 मिलिग्रॅमच्या वर. प्राणवायू सूर्योदयाच्या आधी सगळ्यात कमी असतो, कारण रात्रभर शेवाळही श्वास घेतं. म्हणून पहाटेचं माप चुकवायचं नाही. 400-500 किलो कोळंबीमागे एक एचपी एरेटर धरा. जनरेटर आठवड्यातून एकदा पूर्ण भार देऊन चालवून पाहा. नुसता सुरू करून बंद केला तर ऐन रात्री तो दगा देतो. दाट तळ्यात वीज गेली तर हाती फार थोडा वेळ असतो.

खाद्य चेक ट्रे, म्हणजे किती खाल्लं ते कळायला तळ्यात ठेवलेली थाळी, बघून द्या, गोणीवरच्या तक्त्यावरून नाही. ट्रेमध्ये उरलं तर पुढची पाळी कमी, ढगाळ दिवशी कमी, कात टाकायच्या दिवसांत कमी. चालू खर्चाचा निम्मा किंवा त्याहून जास्त भाग खाद्याचा असतो. उरलेलं खाद्य पैसेही खातं आणि प्राणवायूही.

कमी खारट पाण्यात कोळंबी वाढवत असाल तर पोटॅशियम आणि मॅग्नेशियम कमी पडतं, कोळंबी मऊ पडून मरते. सोपं गणित आहे: लिटरला जितके ग्रॅम खारटपणा, त्याला 10.7 नं गुणलं की हवं तितकं पोटॅशियम मिलिग्रॅममध्ये, आणि 39 नं गुणलं की मॅग्नेशियम. 3 ग्रॅम खारटपणाला 32 मिलिग्रॅम पोटॅशियम. वर सांगितलेल्या तळ्यात ते 10 मिलिग्रॅमनं वाढवायला साधारण 48 किलो म्युरेट ऑफ पोटॅश हे खत लागतं, म्हणजे एक गोणी. बाग आणि तळं दोन्हीकडे चालणारी गोणी ती हीच, पण तळ्यासाठी ती बंद गोणी घ्यायची, फवारणीच्या कोठारात उघडी पडलेली नाही.

गाळ बागेत टाकण्याचा मोह होतो. तो खारा असतो. वेगळ्या ढिगात एक-दोन पावसाळे धुऊ द्या, धुवण निवळण तळ्यात जाऊ द्या, आणि ईसी मोजून उतरलेली दिसली तरच नारळाच्या आळ्यात घाला.

शीतगृह, माणसं, पैसा

एकच शीतगृह दोघांना चालेल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. केळी 13 अंशांखाली गेली की साल काळवंडते आणि फळ नीट पिकत नाही, आंब्याचंही तसंच. कोळंबीला मात्र काढल्या क्षणापासून शून्याजवळ राहायचं असतं. बर्फाच्या पाण्यात बुडवून मारायची आणि वजनाला वजन बर्फ लावायचा, नाहीतर डोकं काळं पडतं आणि दर्जा उतरतो. बर्फाची गाडी दारात उभी असल्याशिवाय जाळं टाकायचं नाही.

माणसांच्या दोन तुकड्या करा आणि त्यांचं वेळापत्रक एका भिंतीवर लावा. कोळंबीचं पीक 90 ते 120 दिवसांत निघतं, म्हणजे पिल्लं सोडायची तारीख आपल्या हातात असते. फळाची तारीख नसते. म्हणून आधी फळांचा हंगाम भिंतीवर लिहा, मग त्याच्या मागे-पुढे कोळंबीची काढणी येईल असं मोजून पिल्लं सोडा. तळं वाळत असतं ते आठवडे छाटणीचे, आळी करायचे, पाइप बदलायचे. त्या काळात तळ्यावरची माणसं पाय धुऊन, बूट बदलून बागेत येऊ शकतात, आणि वर्षभर सगळ्यांना काम मिळतं. माझ्याकडे माणसं टिकतात ती यामुळेच.

पैशाची खाती वेगळी. प्रत्येक तळ्याचंही पान वेगळं: पिल्लं, खाद्य, वीज, चुना, मजुरी. केळी-पपईचा आठवड्याचा पैसा घरखर्च आणि मजुरीला. कोळंबीचा पैसा एकरकमी येतो, त्यातून पुढच्या पिकाचा पूर्ण खर्च आधी बाजूला काढा, मगच उरलेल्याला हात लावा. एक पीक पूर्ण गेलं तरी पुढचं स्वतःच्या पैशानं उभं राहिलं पाहिजे. ती शिल्लक नसेल तर दुसरं तळं खोदू नका. खाद्य आणि पिल्लं उधार देणारा आणि माल घेणारा एकच माणूस असेल, तर काढणीचा दिवस आणि भाव तोच ठरवतो. सुरुवात लहान तळ्यानं करावी लागली तरी चालेल, पण ही उधारी टाळा.

एक गोष्ट ही मिश्र शेती सोडवत नाही, आणि ती आधीच सांगितलेली बरी. रोग आणि भाव दोन्हीकडे एकदम पडणं क्वचित घडतं, वादळ मात्र दोन्हीकडे एकाच रात्री येतं. त्यासाठी बांधाची उंची आजवरच्या सगळ्यात मोठ्या भरतीपेक्षा वर ठेवा, केळीला आधार द्या, दोन्हीचा विमा मिळत असेल तर वेगवेगळा घ्या, आणि वादळाची सूचना आली की ज्या तळ्यातला माल विकण्याजोगा झाला आहे ते आधी काढा. मात्र काढण्याआधी मूठभर कोळंबी हातात घेऊन कवच दाबून पाहा. नुकती कात टाकलेली, मऊ कोळंबी जास्त निघाली आणि वादळाला अवकाश असेल, तर कवच घट्ट व्हायला दोन-तीन दिवस द्या. व्यापारी मऊ माल वेगळा काढतो आणि त्याचा भाव पाडतो.